बनाआत्याचं वृंदावन

आमच्या बनाआत्याला कोणी पाणी आणून दिलं, तर ती पेल्याकडे बघत नसे. पाणी आणणारीचं मनगट धरायची, बांगड्या वर सारायची आणि हात उजेडाकडे फिरवायची. हातावर गोंदण असलं तर पाणी घशाखाली उतरायचं, नसलं तर पेला तसाच परत. मग ती मोठ्या साहेबाच्या घरची बाई असो, नाहीतर गोहलपुरातल्या आमच्या शेजाऱ्यांची लेक.

"आधी हात दाखव," हाच तिचा रामराम होता.

पुरुषांना तिनं यातून सूट दिली होती. "गड्याचा हात काहून तपासाचा? गडी पानी देतेच कुठं?" असं ती म्हणायची, आणि आमच्या घरापुरतं तरी ते खरं होतं.

बनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबांना इथल्या मालगोदामात काम मिळालं म्हणून आमचं घर वर्ध्याकडून जबलपुरात, या गोहलपूर मोहल्ल्यात आलं. आत्याचं लग्न तिकडेच, लहानपणी झालं होतं. वर्षाच्या आत ती विधवा झाली आणि आजोबांबरोबर इकडे आली ती कायमची. मी रांगत असताना माझी आई गेली. पुढं मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, माझं लग्न लावलं, ते सगळं आत्यानं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे सांगायचं आहे ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि मला माझीच भीती वाटते की मी आत्याच्या गमती सांगत बसेन आणि ते राहून जाईल.

गमती पुष्कळ आहेत.

तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. खाली दोन पायऱ्या, वर चौकोनी कट्टा, त्यावर तुळस. तुळशीची वरची फांदी डावीकडे वाकलेली. "गोंदनारीन शिंकली," असं आत्या कारण सांगायची. बाकी काम मात्र तिच्या मते पक्कं होतं. "पक्कं काम" हा तिचा सर्वांत मोठा शेरा. नर्मदेचा पूल पक्कं काम, माझं लग्न पक्कं काम, आणि मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो ते कच्चं काम. रोज आंघोळीनंतर ती त्या वृंदावनाला बोटभर तेल चोळायची. देवी टोचणारा मोहल्ल्यात आला की ती उजवा हात पुढं करून डावा पदराखाली घ्यायची. त्यानं एकदा चुकून डावा धरला, तर त्याचीच बाही वर सारून ती म्हणाली, "तुह्या हातावर काहीच नाही. तुले काय समजन?"

लहानपणी झोप येत नसली की मी तिच्या मांडीवर पडून त्या वृंदावनावर बोट फिरवायचो. पायरी, पायरी, कट्टा, तुळस. फांदीपर्यंत पोचायच्या आत डोळा लागायचा.

कुंडमकडच्या जंगलातून गोंड बायका पत्रावळी विकायला यायच्या. त्यांच्या पोटऱ्या घोट्यापर्यंत गोंदलेल्या. आत्या त्यांना ओसरीत बसवून ताक पाजायची आणि एकेकीचं गोंदण वाचायची. ही सीतेची रसोई, हा मोर, ही विहीर, हा विंचू. विंचू तिला सहसा पसंत पडत नसे. "हा इच्चू होय का? झुरळ वाटून राहिला!" बायका खिदळायच्या. काजळी कोणत्या तेलाची धरली, सुया किती जाड होत्या, वरून हळद लावली की शेण, याची चौकशी व्हायची. एकदा त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "बुआ, जेवर तो घर के उतार लैहैं। गुदना संगे जैहै।" दागिने घरचे उतरवून घेतील, गोंदण मात्र सोबत येईल, असं तिचं म्हणणं.

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साऱ्या विज्ञानाच्या वतीनं तिथं उभा होतो. "ऐक," ती म्हणाली.

एकदा सदर बाजारात तिनं एका गोऱ्या सोजिराला अडवलं. उन्हाळ्याचे दिवस, त्यानं बाह्या दुमडलेल्या, आणि दंडावर निळं काळीज गोंदलेलं, त्यात एक नाव. मी बाजूच्या दुकानाकडे बघत राहिलो, पण आत्यानं माझा सदरा ओढला.

"बाबू, इच्चार त्याले, हे कोनाचं नाव होय?"

मी चाचरत विचारलं. तो आधी चमकला, मग हसला. विलायतेतल्या एका मुलीचं नाव होतं. तिनं आता दुसऱ्याशी लग्न केलं होतं.

मी आत्याला सांगितलं. आत्यानं त्या दंडाकडे पुन्हा पाहिलं. "अन् हे तर निंगत नाही," ती म्हणाली. मग पिशवीतून राजगिऱ्याचे दोन लाडू काढून तिनं त्याच्या हातावर ठेवले आणि त्याला चक्क मराठीत बजावलं, "खाऊन घे रे बाप्पा. असं उन्हात नको फिरू." तो सलाम करून गेला. मला मात्र घरापर्यंत घाम फुटलेला होता. शाळेतल्या कोणी पाहिलं तर नसेल ना, एवढंच माझ्या डोक्यात.

लाज हा शब्द मी इतकी वर्षं टाळला. मला आत्याची लाज वाटायची. मी पोरांना जंतू शिकवायचो, आणि माझ्या घरात पाणी गोंदण बघून प्यायलं जायचं.

माझी बायको अमरावतीची, शिकलेली, कोऱ्या हातांची. लग्नानंतर पहिल्या दिवशी ती पाणी घेऊन गेली तेव्हा मी दाराआड उभा होतो. आत्यानं तिचा डावा हात तपासला, उजवा तपासला. काही नाही. पेला परत जाणार, नवी सून रडणार, असं मला दिसायला लागलं. पण आत्या हात सोडीचना. बांगड्यांच्या मागं मनगटाच्या आत तिला एक तीळ सापडला.

"हे काय होय?"

"तीळ आहे, आत्याबाई. जन्मापासूनचा."

"मंग आधी नाही सांगाव! देवानंच गोंदून धाडली." आणि तिनं पेला एका दमात रिकामा केला.

आत्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते मला बायकोकडून कळलं. मला आत्यानं कधी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, "तो" म्हणायची. लग्नानंतर सासरी तिला गोंदायला बसवलं. बायकांनी हातपाय धरलेले, ही रडते आहे. तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. तोही पोरसवदाच. बायका उठून गेल्यावर तो जवळ आला, तिच्या सुजलेल्या हातावर त्यानं फुंकर घातली आणि म्हणाला, "झालं आता. झालं." तेवढीच त्यांची भेट. आत्या माहेरी परत आली आणि पटकीच्या साथीत तो गेला.

"बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं," आत्यानं माझ्या बायकोला सांगितलं होतं, "पन याले कोनाले हात नाही लावता आला. आता तो तिथं तसाच असन, पोरगा. मी अशी म्हातारी. मले तो कशावरून वळखन? त्यानं काही पाह्यलं असन तर हेच पाह्यलं."

बायको हे सांगताना रडली. मी म्हणालो, "काजळी आणि जखम, दुसरं काय आहे त्यात?"

वय झालं तसं वृंदावन फिकट पडत गेलं. हिरव्या रेघा पसरल्या, कट्टा आणि पायऱ्या एकमेकांत मिसळल्या. आत्या ते डोळ्यांजवळ नेऊन पाहायची, माझा चष्मा मागून पाहायची. एका साली संक्रांतीला नर्मदेच्या ग्वारीघाटावर जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "जत्रेत गोंदनारीन येते. उजळून घेते."

मी तिला रागावलो. त्याच त्या सुयांनी ती बाई जत्रेतल्या साऱ्या बायका टोचते, त्या सुया कधी उकळत नाही, एकीचं रक्त दुसरीच्या अंगात जातं, हात सडेल, सगळं सांगितलं.

"तुहे जंतू दिसत नाही बाबू," ती शांतपणे म्हणाली, "अन् माहं वृंदावनही दिसेनासं झालं. म्या काय कराव?"

तिला खरं तर मीच मार्ग काढून देऊ शकलो असतो. गोंदणारणीला घरी बोलावून चुलीवर सुया उकळून दिल्या असत्या. एवढं विज्ञान मला येत होतं. पण मला वाद जिंकायचा होता.

ती जत्रेतून आली ती हात उंच धरून, पोरीसारखी हसत. "पक्कं काम!" फांदीसुद्धा तशीच डावीकडे वाकलेली करून घेतली होती. मग हात सुजला. तिनं हळद आणि एरंडेल लावून तो लपवला. ताप चढून ती बरळायला लागली तेव्हा तिला टांग्यात घालून मी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मला पडद्याबाहेर बोलावलं. दोन मार्ग आहेत, म्हणाले. बाजूनं चीर देऊन पू काढता येईल, पण मग रोज धुवावं लागेल, दिवस लागतील, आणि कदाचित पुन्हा कापावं लागेल. नाहीतर वरची सगळी खराब कातडी आत्ताच काढून टाकायची. हात दोन्हींत वाचायची आशा आहे. घरच्यांनी सांगावं.

आत जाण्याआधी आत्यानं माझी बाही धरली होती. "बाबू, वृंदावन सांभाळजो." मी "हो" म्हणालो होतो.

आणि मी डॉक्टरांना म्हणालो, "काढून टाका."

तिचा जीव वाचवायला म्हणालो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. त्यात थोडं खरंही आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात काळजीच्या जोडीला राग होता. त्या हिरव्या चित्राचा राग, सदर बाजारातल्या घामाचा राग, आणि मी सांगत होतो ते खरं ठरलं याचं एक घाणेरडं समाधान. काढून टाका म्हणताना माझा आवाज मुळीच कापला नाही.

आत्या वाचली. पट्टी सुटली तेव्हा कोपराखाली गुलाबी, ताणलेली, चकचकीत कातडी होती. तिच्यावर काही नव्हतं. तिनं एकदा पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

भेटायला येणाऱ्या बायका हळहळायच्या. कोणी माझ्याकडे वळून विचारायच्या आत आत्याच म्हणायची, "मीच सांगतलं, काप म्हनून. हात ऱ्हायला पाह्यजे. भाकर कोन थापन?" बायका तिच्या धीराची वाखाणणी करायच्या. मी तिथंच उभा असायचो, मान हलवायचो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. आत्यानं "आधी हात दाखव" म्हणणं सोडलं. ती कोणाच्याही हातचं पाणी पिऊ लागली. शेजारची कोऱ्या हाताची लेक मुद्दाम बांगड्या सारून पुढं उभी राहायची, "बुआजी, देखो ना, जाँच नहीं करोगी?" आत्या पेला घ्यायची, "पिते बेटा," म्हणायची आणि खाली बघून प्यायची. कुंडमच्या बायका आल्या की ताक पाजायला ती माझ्या बायकोला पाठवू लागली. इतकी वर्षं ज्या वेडाला मी वैतागलो, ते थांबलं, आणि घरात करमेना.

आत्या गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, बायको माहेरी गेलेली. आत्या भिंतीला धरून माझ्या खोलीत आली. हातात काजळाची डबी आणि एक काडी.

"बाबू, तू लहान होता तं याच्यावर बोट फिरवे. तुले आठवते का रे ते?"

"आठवतं."

ती माझ्यासमोर बसली आणि तिनं उजवा हात पुढं केला. डाव्या हाताची कातडी तेल धरत नसे, काजळ काय धरणार.

मी काडी काजळात बुडवली. "आत्या," मी म्हणालो, "त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं तेव्हा..."

"मले मालूम आहे. मी जागीच होती." ती माझ्याकडे बघत नव्हती, डबीकडे बघत होती. "काजळ वाळून राह्यलं. काढ."

मी काढलं. पायरी, पायरी, कट्टा, तुळस. लहानपणी फांदीपर्यंत पोचायच्या आत मी झोपी जायचो, आणि आताही नेमकं तिथंच काडी अडखळली. आत्याच्या समोर बसून मी फांदी माझ्या डावीकडे वाकवली, म्हणजे तिच्या उजवीकडे.

आत्यानं हात डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "फांदी उलटी गेली रे."

"पुसतो. पुन्हा काढतो."

तिनं हात मागं घेतला आणि त्या ओल्या काजळावर हळूच फुंकर घातली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तोही म्हाताराच झाला असन. त्याले तरी आता कुठं नीट दिसत असन?"