धोंडिरामच्या नशिबाचा तीळ

माझ्या पाचही नातवंडांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझी कवळी मलाच चावो!

बोरिवलीला डोंगराला खेटून असलेल्या सोसायटीचा धोंडिराम अध्यक्ष. मागच्या कुंपणाशी त्याने बाग केली होती. गवत कमरेएवढं, पण बोर्डावर नाव धोंडिरामचं, अन् रविवारी उद्घाटन. अशात तळमजल्यावरचा बेसिल आला.

"धोंडू, बाग बंद ठेव यार. माझ्या कुत्र्याच्या कानातून अकरा गोचिडी काढल्या डॉक्टरने. ताप भरलाय त्याला. माणसाला पण होतो म्हणे."

"गोचीड गावाला, गोठ्यात असते! ही मुंबई आहे. इथे गोचिडीचा ताप पाहिलाय कोणी?"

त्याच संध्याकाळी बायकोला, वनमालाला, त्याच्या मानेवर एक काळा तीळ दिसला. नवाकोरा.

"अगो बाय! अहो, इथे तीळ आला की माणूस नगरसेवक होतो. आमचे मामा झाले होते!"

मग काय, रोज आंघोळ झाली की वनमाला तिळाला हळदकुंकू लावायची. तीळही गुणी. शुक्रवारी मोहरीएवढा, शनिवारी उडदाएवढा. नशीब असं डोळ्यांदेखत फुगताना कुणी पाहिलंय?

शनिवारी रात्री धोंडिरामला हुडहुडी भरली. डोकं ठणकायला लागलं, मनगटावर लाल ठिपके उठले. पण बोलणार कुणाला? ताप म्हटलं की बेसिल नाचला असता. रविवारी भर ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर घालून तो बागेत भाषणाला उभा राहिला.

"काही लोक अफवा पसरवतात. आपल्याकडे गोचिडीचा ताप नाही, नव्हता आणि होणार नाही!"

दुसऱ्या मजल्यावरची डॉक्टर श्रुतिका उठली. "काका, तपासलंच नाही तर नाही कसं म्हणता? लोक व्हायरल समजून सोडून देतात. ताप येतो, डोकं दुखतं..."

धोंडिरामने कपाळावरचा हात काढला.

"...मनगटावर लाल ठिपके येतात..."

त्याने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या.

"...आणि गोचीड अंगाला चिकटून राहते. तिळासारखी दिसते, पण रोज फुगते."

"अगो बाय!" बायकांमधून वनमाला ओरडली. "आमच्या ह्यांचा तीळ पण रोज फुगतोय! उद्या चण्याएवढा होईल!"

साठ माणसं वळली. श्रुतिकाने धोंडिरामला खुर्चीआड नेलं, हळदकुंकू पुसलं आणि वाकून बघितलं.

"काका, तुमच्या तिळाला आठ पाय आहेत."

बेसिल हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने धावत जाऊन कुत्र्याचा चिमटा आणला, वर स्पिरिटने पुसूनही दिला. धोंडिरामला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, बोर्डासकट.

तरी बाहेर आल्यावर तो पुटपुटला, "ही इथली नाही. गावाहून आली असेल."

"होळीनंतर गावाला गेलात कधी?" वनमाला म्हणाली. "रोज पहाटे ह्याच गवतात तर लोळून योगासनं करता!"

श्रुतिकाने लगेच रक्त तपासायला पाठवलं, गोळ्याही सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मान मात्र काही वर होईना. चौथ्या दिवशी धोंडिरामने बाग बंद केली, गवत कापायला लावलं आणि लिफ्टशेजारी स्वतःच्या हाताने नोटीस लावली: 'आपल्या सोसायटीत गोचीड आहे. आढळल्याचं ठिकाण: अध्यक्ष.'

हां, आता शपथेवर आहे म्हणून एक सांगून टाकते. ते मानेचं मी आपलं पदरचं घातलं, पोरंबाळं ऐकतात म्हणून. ज्याच्या जोरावर धोंडिराम दहा वर्षं खुर्चीवर टिकून होता ना, गोचीड तिथे होती.