डब्यावरचे डोळे

इमारतीच्या कचऱ्याच्या डब्याला झाकण होतं, तिथंच सगळं अडलं होतं. झाकण उचलायचं म्हणजे हात लावायचा, आणि इथं सगळी पडली शिकलेली माणसं. ती लांबूनच पिशवी भिरकावायची आणि घाणीबद्दल सरकारला शिव्या घालायची.

तळमजल्यावरचे प्राध्यापक कॉलेजात उत्क्रांती शिकवत. घरातला कचरा सकाळी बाहेर नेणं एवढंच गृहकृत्य त्यांच्याकडे होतं. त्यांना एके दिवशी शास्त्रीय उपाय सुचला.

"माणूस लाखो वर्षं टोळीत राहिला," त्यांनी जेवताना बायकोला सांगितलं. "टोळीच्या मनातून उतरला की उपाशी मेलाच. म्हणून कुणी बघतंय म्हटलं की तो सुधारतो. नुसतं डोळ्यांचं चित्र पुरतं!"

"बरं. आधी ताटातलं संपवा."

डोळे कुणाचे, हा प्रश्नच नव्हता. बायको चिडलेली असताना काढलेला एक फोटो घरात होता. त्यातले डोळे तेवढे मोठे करून त्यांनी गुपचूप डब्याच्या वर चिकटवले. दुसऱ्या दिवशी जमीन लख्ख! प्राध्यापक लगेच पृथ्वी वाचवण्यावर लेख लिहायला बसले.

इकडे बायकोचं मशीन थंडावलं. ती पुढच्या खोलीत शिवणकाम करायची आणि गिऱ्हाईक सगळं इमारतीतलं. एकीनं कापड दारात ठेवून पळ काढला. तिसऱ्या मजल्यावरची तर पाठ फिरवूनच माप देऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाही. एवढ्या वर्षांत जमवलेलं काम असं डोळ्यांदेखत चाललेलं. शेवटी हातातली कात्री न ठेवताच तिनं त्या बाईला जिन्यात गाठलं.

"काय बिघडलं माझ्या शिवणात? तोंडावर सांगा की!"

"शिवणाचं नाही हो वहिनी. पण रोज खाली तुम्ही तशा बघता ना... तुमच्यासमोर उभं राहिलं की वाटतं, सकाळी झाकण नीट लावलं की नाही!"

वहिनी खाली जाऊन स्वतःला बघून आल्या. हातात कात्री तशीच होती.

"अहो, हे काय?"

"शास्त्राच्या दृष्टीनं बघितलं तर..."

"माझी गिऱ्हाइकं पळाली, आता तुमचं शास्त्र शिवायला टाकणार आहे का कपडे? डोळेच हवेत ना? स्वतःचे लावा!"

त्यांनी लावले. लोक हसले, पण झाकण उचलायची सवय आता लागलेली होती. मशीन पुन्हा खडखडू लागलं. फक्त रोज एक पिशवी डब्याबाहेर दिसायची, बरोबर त्या डोळ्यांखाली.

"एवढा निर्लज्ज कोण आहे?" रविवारी प्राध्यापकांनी सगळ्यांना खाली बोलावून सुनावलं. "असल्याला टोळीनं हाकलून द्यायचं असतं!"

तेवढ्यात मांजरानं ती पिशवी फाडली. आतून रंगीत चिंध्या बाहेर आल्या, दोऱ्याचे गुंते, एक मोडका बॉबिन. इमारतीत मशीन एकाच घरात होतं. सगळे प्राध्यापकांकडे वळले.

"सकाळी घाई असते हो," ते पुटपुटले.

"पण सर, वर डोळे होते की!" तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली.

"होते," प्राध्यापक म्हणाले. "पण ते माझेच ना."

संध्याकाळी वहिनींनी डब्यावरचे आपले ते जुने डोळे शोधून काढले आणि पुन्हा चिकटवले. या खेपेला घराच्या दाराला, आतल्या बाजूनं.