बंकरमधल्या पाण्याचा समाधानकारक निचरा

खड्डे दोन प्रकारचे असतात: आपोआप पडलेले आणि ठराव करून पाडलेले. पहिल्या प्रकाराकडे बघायला कुणाला सवड नसते. दुसऱ्याला देखभाल समिती असते.

गोल्फच्या मैदानावरचा बंकर दुसऱ्या प्रकारात मोडतो. चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम खणलेला हा वाळूचा खड्डा. क्लबचे कार्यवाह स्वतः गोल्फ खेळत नसत (त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरलं जाई), पण या खड्ड्यांवर त्यांचा भारी जीव. पाऊस झाला की बंकर तुंबत आणि कार्यवाह छत्री घेऊन काठाकाठानं फेऱ्या मारत.

एके सकाळी अध्यक्ष चेंडू काढायला बंकरमध्ये उतरले आणि एकच बूट घालून वर आले. दुसरा अजून सापडलेला नाही. लगेच सभा भरली. नूतनीकरणाला ऐंशी टक्के सभासदांचा पाठिंबा मिळाला, म्हणजे आलेल्या पाचांपैकी चौघांचा. पाचव्यांचा डोळा लागला होता.

"आणि हे बंकर खेळायला जरा सोपे करा," अध्यक्ष म्हणाले. "एकदा चेंडू पडला की निघतच नाही."

"साहेब, ते चेंडू अडकायलाच असतात," कार्यवाह म्हणाले.

"अडकू दे की! पण निघायला नको?"

तळाला खडी, खडीत पाइप, वर कापड आणि कापडावर चाळून धुतलेली पांढरी वाळू, असा आराखडा मंजूर झाला. इंजिनिअरनं नकाशा पसरला तेव्हा कार्यवाहांनी विचारलं, "पाणी जाणार कुठं?"

"उताराला. भिंतीपलीकडे."

"तिथं काय आहे?"

"तसं काही नाही. घरं आहेत."

त्यांतलं एक घर कार्यवाहांच्या धाकट्या बहिणीचं होतं. कार्यवाहांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. चहा संपेपर्यंत चर्चा वाळूच्या रंगावर पोचली होती, आणि सभेचं कामकाज मागं नेणं शिस्तीला धरून नसतं. कार्यवाहांनी सही केली.

पुढच्या मुसळधार पावसात प्रकल्प यशस्वी ठरला. बंकर बघता बघता कोरडे झाले. अध्यक्षांनी वाळूत दोन्ही बुटांनिशी उभं राहून फोटो काढून घेतला. टाळ्या चालू असतानाच कार्यवाहांचा फोन वाजला.

"दादा, घरात पाणी शिरलंय रे! मशीन पाण्यात गेलं."

बहीण घरीच शिवणकाम करायची. कार्यवाह पँट दुमडून आत शिरले तेव्हा ती शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पलंगावर रचत होती. निम्मे भिजले होते. उंबऱ्याशी पांढरी वाळू साचली होती. तिनं ती चिमटीत धरली.

"ही कुठून आली?"

कार्यवाहांनी वाळू ओळखली. प्रत उत्तम होती.

"तुला ठाऊक होतं?"

"आराखडा भिंतीपर्यंतचाच होता गं."

"आणि भिंतीला लागून मी राहते, ते?"

कार्यवाह बादली घेऊन पाणी उपसू लागले. त्यांना मनापासून लाज वाटत होती, हे इथं नमूद केलं पाहिजे.

नंतरच्या सभेत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. सभेला वाईट वाटलं (एकमतानं). पाइप बुजवावा तर बंकर तुंबणार. तेव्हा तो बहिणीच्या गल्लीखालून चौकापलीकडे न्यावा, असं ठरलं. तिला नवं मशीनही मिळालं.

"चौकापलीकडे कुणी राहत असेल ना रे?" तिनं मशीनमध्ये दोरा ओवता ओवता विचारलं.

"असेल."

तिचा दोरा सुईच्या नाकातून दोनदा हुकला. मग तिनं मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं. गणवेश द्यायचे राहिले होते.

चौकापलीकडच्यांनी वर्गणी काढून पाइप आणखी पुढं नेला. त्यांच्या पुढच्यांनीही नेला. काम समाधानकारक चालू आहे आणि कुठूनही कायमची तक्रार नाही.

हे वाचून आपल्याला कार्यवाहांचा राग आला असेल, तर उठून तोंडावर गार पाणी मारावं. ते मोरीतून झर्रकन निघून गेलं, तर अभिनंदन. कुठं गेलं, हे विचारायची पद्धत नाही.