दोन गाड्या, एक दादा

मान आडनावाच्या चिनी घराण्यात हॉटेलचं बिल चोरून भरायची पद्धत आहे. जेवण संपत आलं की एखादा "जरा जाऊन येतो" म्हणत उठतो आणि टॉयलेटच्या वाटेवरचा गल्ला गाठतो. बाकीचे नंतर त्याच्यावर रागावतात, आणि तो रागावून घेतो. गेल्या वर्षी मात्र धाकट्या म्युइ-कुनने थोरल्या लाय-हिंगला मोठ्या हौसेने जेवायला नेलं, आणि लाय-हिंग सूप झाल्या झाल्याच जाऊन आली. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं.

आता आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. शेंझेनमधल्या तिच्या आवडत्या हॉटेलात दुपारचं जेवण ठरलं. आईची अट एकच होती. तिन्ही मुलं एका टेबलावर दिसली पाहिजेत, त्याशिवाय ती जेवायच्या काड्यांना हात लावणार नव्हती.

दोघींचा दादा कम-शिंग बायकोबरोबर कॅनडाहून येणार होता. विमान हाँगकाँगला उतरणार आणि पुढे गाडीने सीमेपलीकडे शेंझेन. या गाड्यांना दोन्हीकडच्या नंबरांच्या पाट्या असतात आणि माणूस बसल्या जागेवरून सीमा ओलांडतो. दोघी बहिणींनी एकमेकींना न विचारता एकेक गाडी पाठवली. विचारणार तरी कसं?

विमानतळावर दोन ड्रायव्हर एकाच नावाचा फलक धरून उभे होते आणि एकमेकांकडे संशयाने बघत होते.

"कुठलीही घ्या एक," बायको स्यू-हा म्हणाली.

"लाय-हिंगची घेतली तर धाकटी रडेल," कम-शिंग म्हणाला. "धाकटीची घेतली तर लाय-हिंग रडणार नाही. ते जास्त वाईट."

शेवटी तो लाय-हिंगच्या गाडीत बसला आणि स्यू-हा म्युइ-कुनच्या. दोघींचाही मान राहिला. एक गाडी खाडीच्या पुलाकडे निघाली, दुसरी डोंगरापलीकडच्या नाक्याकडे.

पूल अर्धा झाला तेव्हा ड्रायव्हरने मागे हात केला. "साहेब, परवाना द्या."

कम-शिंगने एकदा पासपोर्ट हरवला होता. तेव्हापासून पलीकडे जायचे दोघांचे परवाने स्यू-हाच्या पर्समध्ये असत. त्याने तिला फोन लावला. फोन त्याच्याच कोटाच्या खिशात वाजला. विमानात तिनेच तो सांभाळायला दिला होता.

पुलावर गाडी वळवता येत नाही. नाक्यावर त्याला अदबीने एका बाकावर बसवण्यात आलं.

तिकडे दुसऱ्या नाक्यावर स्यू-हाने सवयीने दोन्ही परवाने पुढे केले. अधिकाऱ्याने गाडीत डोकावून पाहिलं. "एक माणूस कमी आहे."

"ते दुसऱ्या गाडीत आहेत," म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळाला हात लावला.

"भांडण झालंय का?"

"नाही हो. मला दोन नणंदा आहेत."

अधिकाऱ्याने मान हलवली, तिचा परवाना मंजूर करून दिला आणि दुसराही परत केला. मागे गाड्यांची रांग होती. तिला पुढेच जावं लागलं.

ती हॉटेलात पोचली तेव्हा आई टेबलाशी बसली होती. "मुलगा राहिला, परवाना आला," आई म्हणाली. "जा कुणीतरी."

दोघी एकदम उठल्या. दादा अडकला होता तो लाय-हिंगच्या गाडीत, आणि परवाना आला होता म्युइ-कुनच्या गाडीतून. माघार कुणीच घेईना. दारात गाडी एकच होती, म्हणून दोघी तिच्यात दोन खिडक्यांना चिकटून बसल्या.

"उस्ताद," लाय-हिंग ड्रायव्हरला म्हणाली, "तिला सांगा, दोन गाड्या पाठवायची गरज नव्हती."

"उस्ताद, त्यांना सांगा, पहिली मी ठरवली होती."

"मी गाडी चालवू का?" ड्रायव्हरने विचारलं.

नाक्याच्या फाटकावर परवाना आत देऊन दोघी उन्हात थांबल्या. तासाभराने दादाची गाडी बाहेर आली. तो उतरला, त्याने दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि मागे नाक्यावरच्या बाकाच्या दिशेने वळून बघितलं. त्याला तो बाकच बरा वाटत असावा. शेवटी दोघींनी त्याला मध्ये बसवलं, आणि लाय-हिंगची गाडी त्याच्या बॅगा घेऊन मागून आली.

स्वयंपाकघर बंद व्हायची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण आईने तिथल्या लोकांना बसवून ठेवलं होतं. मासा आला, दीर्घायुष्याच्या लांब शेवया आल्या. आईने तिन्ही मुलांकडे नीट पाहून घेतलं आणि काड्या उचलल्या.

जेवण संपत आलं. लाय-हिंग उठली. "जरा जाऊन येते."

"मीही," म्युइ-कुन म्हणाली.

दोघी भराभर चालत, कोपराने एकमेकींना मागे सारत, एकदमच गल्ल्यावर पोचल्या.

"बिल भरलंय," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "तुम्ही नाक्यावर गेला होतात ना, तेव्हाच. आजी 'जरा जाऊन येते' म्हणून उठल्या होत्या."

दोघी पाकिटं हातात धरून उभ्या राहिल्या. टेबलाशी आई दादाच्या वाडग्यात माशाचा गाल, सगळ्यात मऊ तुकडा, वाढत होती. इकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ताई," म्युइ-कुन म्हणाली, "आता गं?"

लाय-हिंगने पाकीट पर्समध्ये ठेवलं.

"चल," ती म्हणाली. "आलोच आहोत, तर खरंच जाऊन येऊ."