ब्रेननसाहेबांचे उपोषण

आमच्या चौकातल्या ब्रेननसाहेबांच्या पुतळ्याने सोमवारपासून आमरण उपोषण सुरू केले.

मी समोरच राहतो. सकाळी खिडकी उघडली, तर साहेब चौथऱ्यावर मांडी घालून बसलेले. गळ्यातला हार काढून बाजूला ठेवलेला. मला दरदरून घाम फुटला. पुतळा बसला म्हणून नव्हे, आमरण म्हणाला म्हणून. कॉर्मॅक ब्रेनन आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात उपाशी राहूनच गेले होते. ती बातमी वाचून आमच्या वाचनालयाच्या जुन्या मंडळींनी वर्गणी काढली आणि हा पुतळा उभारला. असा माणूस मधेच उठत नाही.

मागणी एकच होती. चौथऱ्याला टेकून असलेले चंद्राबाई गुरवांचे फुलांचे दुकान नगरपरिषदेने हटवू नये.

"अहो, मला विचारायचं तरी!" चंद्राबाई रडकुंडीला आल्या. "मी बसले असते मारुतीच्या देवळापाशी."

"तिथे तुमची जाऊ बसते," साहेब म्हणाले. "तुमचं पटत नाही."

दोन-तीन दिवसांत त्यांचा ब्राँझचा कोट अंगावर लोंबू लागला. गालफडे आत गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीवर टिचकी मारली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

मुख्याधिकारी निंबकर पाहणीला आले. "उपोषण चालू आहे तोवर दुकानाला हात लावता येत नाही, तसा नियम आहे," ते म्हणाले. "पण हे असेच वाळत गेले तर पुतळा राहणार नाही आणि मागणीही राहणार नाही. आपण थांबू." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले.

चंद्राबाई तिथून उठून घरी गेल्या आणि ताट घेऊन आल्या. उकडलेले बटाटे, वर जिरे आणि दाण्याचे कूट.

"बाई, मी उपोषणाला बसलोय."

"मग? भात आणलाय का मी? बटाटा आहे. उपासाला चालतो."

साहेब ताटाकडे बघत राहिले. "आमच्याकडे आयर्लंडात एकदा सगळा बटाटा शेतातच कुजला," ते म्हणाले. "गावंच्या गावं उपाशी गेली."

"हा कुजका नाही. सकाळीच मंडईतनं निवडून आणलाय. खा बघू."

साहेबांनी खाल्ले. निंबकर ओरडले, "खाल्लं! उपोषण सुटलं! दुकान उचला!"

"थांबा," चंद्राबाई म्हणाल्या. "दर शनिवारी माझ्याकडनं रुईचा हार नेता. मारुतीला घालून घरी जाता. मग काय खाता?"

"साबुदाण्याची खिचडी. शनिवारचा उपास असतो माझा."

"खिचडीत बटाटा?"

निंबकर पांढरेफटक पडले. "असतो," ते म्हणाले. त्यांचे इतक्या वर्षांचे शनिवार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पणाला लागले होते. शेवटी त्यांनी मान खाली घालून सांगितले, "उपोषण चालू आहे."

ते चालूच राहिले. साहेबांचे गाल भरले, मग कोटाची खालची बटणे लागेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंनी तेलकट कमी करायला सांगितले आहे.

काल निंबकर दुकान कायम केल्याचा आदेश आणि लिंबूपाण्याचा पेला घेऊन आले. साहेबांनी चंद्राबाईंकडे पाहिले.

"आदेश ठेवून जा," चंद्राबाई म्हणाल्या. "लिंबूपाणी उद्या आणा. आज रताळी उकडायला टाकलीत."