शेळीच्या तोंडापेक्षा उंच

दुर्गम भागात येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी उपयुक्त सूचना लिहाव्यात तर मीच. हे मी बायकोसमोर म्हणत नाही, पण लेसोथोच्या डोंगरात एका शाळेचा उपमुख्याध्यापक म्हणून एकवीस वर्षं काढल्यावर एवढा हक्क तर मिळतोच ना! मी एकूण एकतीस सूचना लिहिल्या, स्वच्छ अक्षरात, खाली शाळेचा शिक्का मारून. पहिलीच सूचना अशी की गावात खोटं बोलू नका. तिसरी, कुणाला तोंडावर नाही म्हणू नका. आधी हो म्हणा, हसा, मग काय ते बघता येतं. नववी, झऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून उकळा आणि फडकं शेळीच्या तोंडापेक्षा उंच वाळत घाला. चौदावी, दारी आलेल्याला काहीतरी प्यायला दिल्याशिवाय परत पाठवू नका.

हा सगळा खटाटोप आइनोसाठी होता. ही फिनलंडची मुलगी आमच्या शाळेत गणित शिकवायला आली. त्याआधी दोन वर्षं शाळेत गणिताला कुणी नव्हतं. म्हणजे मी होतो. पण मी मूळचा भाषा शिकवणारा माणूस. पुस्तकाच्या मागची उत्तरं मी आधी फळ्यावर लिहायचो आणि मुलांना सांगायचो, आता इथपर्यंत कसं यायचं ते तुमचं तुम्ही शोधा. माझी मुलगी नालेदी शेवटच्या वर्गात, नोव्हेंबरात परीक्षा, आणि वहीत नुसत्या खाडाखोडी. आइनो आली आणि तिसऱ्याच आठवड्यात ही पोर मक्याची लापशी ढवळता ढवळता समीकरणं सोडवायला लागली. मी बाहेर जाऊन नाक शिंकरून आलो. आइनो इथून जाता कामा नये, एवढं एकच त्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं.

आणि ती जाण्याची शक्यता माझ्याच हातानं तयार झाली होती. तिला पाठवणाऱ्या संस्थेचा अर्ज मी भरला होता. त्यात प्रश्न होता, राहत्या घरापासून तीनशे पावलांच्या आत गुत्ता आहे का? मी लिहिलं, नाही. आता म्मे मात्सेपोचा (मोठ्या बाईला आम्ही म्मे म्हणतो, पुरुषाला न्ताते) गुत्ता आइनोच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर आहे हे खरं. पण हाक वेगळी आणि पावलं वेगळी, अशी मी मनाची समजूत घातली. आणि एका शुक्रवारी निरोप आला की संस्थेचे न्ताते फाफोली उद्या घर बघायला येताहेत.

आमच्याकडे गुत्त्याला पाटी नसते. ज्वारीची बिअर तयार झाली की उंच काठीवर पांढरं फडकं चढतं, आणि मांस विकायला असलं तर लाल. मी धावत मात्सेपोकडे गेलो आणि एक दिवस फडकं उतरवून ठेव म्हणालो.

"शनिवारी?" ती म्हणाली. "न्ताते मोलेफी, रविवारी चर्चला कुलूप लावायला सांगून बघा आधी."

पण तिचा नातूही आइनोच्याच वर्गात होता. ती म्हणाली, दुपारपर्यंत. त्यानंतर एक क्षणही नाही.

शनिवारी सकाळपासून मला एका जागी बसवेना. शाळेच्या फाटकापासून उतारापर्यंत जायचं, खिंडीत घोडा दिसतो का बघायचं, परत यायचं. अशा अकरा फेऱ्या झाल्या. गावालाही चैन नव्हतं. पुरुष मंडळी ब्लँकेटं पांघरून उतारावर उन्हात बसली होती आणि मात्सेपोच्या रिकाम्या काठीकडे बघत होती. म्हातारे त्लाली तर दर पंधरा मिनिटांनी उठून काठीखाली जाऊन यायचे, जणू फडकं कुठे खाली पडलं असेल. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मात्सेपोला बरं नाही. त्यावर मात्सेपो दारात येऊन सरपण फोडायला लागली.

अकराच्या सुमाराला त्लाली उठले आणि परत बसले नाहीत. त्यांनी पत्र्याचा मग उचलला आणि चालायला लागले. त्यांच्यामागे दुसरा, तिसरा, आणि बघता बघता सगळा उतार रिकामा झाला. मी वळून बघितलं. आइनोच्या झोपडीशेजारी एक लांबच लांब बांबू उभा होता आणि त्याच्या टोकाला पांढरंशुभ्र फडकं फडफडत होतं.

मी पोचेपर्यंत रांग लागली होती. आइनो दारात उकळलेल्या पाण्याचा हंडा घेऊन बसली होती आणि प्रत्येकाच्या मगात मनापासून ओतत होती.

"पाहुणे आले, न्ताते," ती आनंदानं म्हणाली. "चौदावी सूचना."

मी दबक्या आवाजात विचारलं, फडकं एवढं उंच कशाला? तिचं उत्तर तयार होतं. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की तिचं तोंड एक मीटर नव्वदपर्यंत पोचतं, हे तिनं मोजलं होतं. मग वारा धरून तिनं दुप्पट उंची ठेवली. मी सूचनेत उंच लिहिलं होतं, किती उंच ते लिहिलं नव्हतं. गणितवाल्या माणसाच्या हातात मोकळं वाक्य देऊ नये, हे मला तेव्हा कळलं.

त्लालींनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि डोळे मिटून विचार केला.

"मुली, कधी लावलीस ही?"

"आज सकाळी. वीस मिनिटं उकळलं."

"आणखी चार दिवस ठेवायला हवी होती."

"हो," आइनो हसून म्हणाली. तिसरी सूचना!

मी घाईघाईनं बांबू आडवा केला, फडकं सोडून कोटात कोंबलं आणि लोकांना घरी जायच्या विनवण्या करायला लागलो. ही बिअर नाही म्हटलं तरी कुणी हलेना, कारण म्हाताऱ्यांच्या मते ती थोडी कच्ची होती, एवढंच. मी असा पाठमोरा उभा असताना आइनोनं बघितलं की बांबू रिकामा आहे. तिचा टॉवेल ओला होता. टॉवेल लाल होता. पाच मिनिटांत खालच्या वस्तीतल्या बायका ताटं घेऊन वर आल्या आणि कुठल्या बैलाचं मांस आहे म्हणून विचारायला लागल्या. आइनो त्यांनाही हो म्हणाली. त्या बायकांमध्ये सगळ्यात मोठं ताट माझ्या बायकोच्या हातात होतं.

अशा वेळी न्ताते फाफोलींचा घोडा अंगणात आला.

ते खाली उतरले, एकदा मगवाल्यांच्या रांगेकडे आणि एकदा ताटवाल्यांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "खिंडीतून आधी पांढरं दिसलं, मग लाल. मला वाटलं लग्न आहे."

माझं तोंड आपोआप चालायला लागलं. ही शुद्ध पाण्याची मोहीम आहे, म्हणालो. गावाला सवय लावतोय. फाफोलींनी एक मग घेतला. चार तास घोड्यावर बसून आलेला माणूस, गटागटा प्यायला. दुसरा मागितला. वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा, आणि माझी छाती फुगली. मग त्यांनी पेन थांबवलं.

"मोहीम छान आहे," ते म्हणाले. "पण पांढरं फडकं बघून हातात मग घेऊन आलेली ही मंडळी एरवी कुठे जातात?"

सगळे डोंगराकडे बघायला लागले. त्लाली स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी लोकांना सकाळपासून ताटकळत ठेवलं होतं, तरी एकानंही मला उघडं पाडलं नाही. मला फार भरून आलं.

मग फाफोली आइनोकडे वळले आणि गुत्ता किती लांब आहे म्हणून विचारलं. मी त्यांच्यामागून दोन्ही हात हलवत होतो. आइनोनं माझ्याकडे बघितलं, आणि माझीच पहिली सूचना तिला आठवतेय हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"एकशे बारा पावलं," ती म्हणाली. "मुलांनी मोजली. दुसऱ्या आठवड्याचा धडा."

बायकांच्या मागे नालेदी उभी होती. तिचा चेहरा एवढासा झाला. ते बघून माझी सगळी हुशारी संपली. मी सांगून टाकलं, अर्ज मी भरला, खोटं मी लिहिलं, शिक्षा मला करा, पण हिला नेऊ नका. दोन वर्षं मी मुलांना उत्तरं वाचून दाखवलीत.

फाफोलींनी अर्जातलं माझं 'नाही' खोडलं. मग म्हणाले, नियम म्हणजे नियम. गुत्ता हलणार नाही, तर मुलगी हलेल. तीनशे पावलांपलीकडे याच गावात पत्र्याचं, कुलूप लागणारं घर असेल तर ते तिकडे राहायला परवानगी देतील, नाहीतर तिनं सोमवारी सामान बांधावं.

"आहे," आइनो म्हणाली. "सहाशे चाळीस पावलं. तिसऱ्या आठवड्याचा धडा." आणि तिनं बोट दाखवलं ते माझ्या घराकडे.

मी आनंदानं लगेच हो म्हणालो. दोन खोल्या आहेत, एक तिची! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फाफोलींनी नियमांचं पान उलटलं.

"मात्र त्या घरात परका पुरुष राहता कामा नये."

मी तोंड उघडायच्या आत माझी बायको ताट काखेत मारत म्हणाली, "तो निघेल."

"आज की उद्या?" फाफोलींनी लिहिता लिहिता विचारलं. तेवढ्यात दुपार झाली, मात्सेपोनं फडकं चढवलं, आणि माझा निरोप घ्यायला अंगणात कुणी उरलं नाही.

नोव्हेंबर पार पडला. नालेदी गणितात पहिली आली, हे आधी सांगतो. मी अजून एकशे बारा पावलांवरच्या झोपडीत राहतो. रविवारी घरी जातो, तेव्हा आइनो मला मगभर गाळलेलं पाणी देते आणि पाहुण्यासारखं फाटकापर्यंत पोचवायला येते. शनिवारी अजूनही कुणी ना कुणी माझं दार वाजवून विचारतं, नवी लावली का? माझं फडकं मी आता घरातच, खुर्चीच्या पाठीवर वाळत घालतो.

एकतीस सूचनांचा तो कागद तुम्हाला दाखवला असता. आइनोनं जाताना तो झोपडीतच ठेवला होता, म्हणाली, आता तुम्हाला लागेल. मी तो दाराला आतून चिकटवला होता, एक मीटर साठवर. गेल्या मंगळवारी शेळीनं खाल्ला.