फादर इनास यांची उलटी कचेरी

आमच्या गावात सहा वर्षं अशी गेली, की ज्याचं ज्याच्याशी भांडण, तो त्याचीच वकिली करत हिंडत असे. विहिरीवर, तिठ्यावर, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात माणसं स्वतःशी पुटपुटत चाललेली दिसत. ‘तो म्हणतो, माझी म्हैस त्याच्या पानमळ्यात शिरली. बरं, शिरली. मग तो म्हणतो, मी म्हैस मुद्दाम सोडली...’ परक्या माणसाला वाटावं, आगाशीच्या अलीकडे वेड्यांचं एक गाव आहे. तसं काही नव्हतं. आमचे फादर इनास यांच्यापुढे उभं राहण्याची ती तयारी होती.

फादरांचा नियम एकच. तक्रार घेऊन या, पण आपली मांडू नका, समोरच्याची मांडा. तीही त्याच्या देखत, आणि तो ‘होय, हेच माझं म्हणणं’ असं कबूल करीपर्यंत. त्यानं मान हलवली, की तुमची पाळी. नाही हलवली, की पुन्हा पहिल्यापासून.

ही कचेरी चर्चशेजारच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर भरे. फादर उंच, काटकुळे, पांढऱ्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. पुढ्यात वालाच्या शेंगांची टोपली. लोक भाजी आणून देत, आणि फादर ऐकता ऐकता शेंगा सोलत बसत. तोंडानं बोलणं फार थोडं. ‘पुढे?’ हा एक शब्द, आणि कोणी घसरलं की, ‘हे त्याचं झालं की तुझं?’ भांडणाचा आकार आम्ही टोपलीवर मोजायचो. ‘कसलं भांडण रे?’ ‘काय नाय, पाव टोपली.’ नवराबायकोचं साधारण अर्धी टोपली चाले. जमिनीच्या बांधाचं असेल, तर शेजारणीकडून आणखी शेंगा मागवाव्या लागत.

सणाला बँड मिस्सेच्या आधी वाजावा की नंतर, यावरून आमच्या दोन आळ्यांनी तीन वर्षं एकमेकींकडे पाहिलं नव्हतं. फादरांनी दोन्हीकडच्या म्होरक्यांना ओट्यावर बसवलं आणि बाजू उलट्या मांडायला लावल्या. पहिल्यानं दुसऱ्याची बाजू इतकी झकास मांडली, की ती त्याला स्वतःलाच पटली. दुसऱ्याचंही तेच झालं. म्हणजे भांडण जागच्या जागी शिल्लक, फक्त दोघांनी खुर्च्या बदललेल्या! फादर शांतपणे शेंगा सोलत राहिले. शेवटी बँड मिस्सेच्या आधीही वाजला आणि नंतरही वाजला. वाजवणाऱ्यांचे गाल दोन दिवस दुखत होते.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या आम्हा पॅरिश कौन्सिलवाल्यांना हे मुळीच आवडत नव्हतं. आम्हाला पुढारी हवा होता. याआधीचे फादर कसे, टेबलावर मूठ आपटून निकाल द्यायचे आणि पाच मिनिटांत मोकळे. मी हायस्कुलात मास्तर, गावच्या नाटकांत कायमचा खलनायक, त्यामुळे खणखणीत आवाजाचं काम माझ्याकडे आलं. बैठकीत उभा राहून म्हणालो, ‘फादर, तुम्ही निर्णय द्या. आम्ही मान खाली घालून ऐकू.’

‘ठाऊक आहे मास्तर,’ फादर म्हणाले. ‘माझं ऐकाल. एकमेकांचं कधी ऐकणार?’

मी खाली बसलो. खलनायकाला असं मध्येच बसावं लागलं, की फार वाईट वाटतं.

त्याहून वाईट पुढे होतं. माझी बायको लुसी माझी तक्रार घेऊन ओट्यावर गेली. तक्रार जुनीच, मी तालमींना जातो आणि घर तिच्या डोक्यावर टाकतो. फादरांनी मला तिची बाजू मांडायला सांगितली. मी काय, वाटच पाहत होतो! रुमाल डोक्यावर घेतला, कमरेवर हात ठेवला, आणि लुसीचा आवाज, लुसीचं नाक ओढणं, भांडं आदळणं, सगळं करून दाखवलं. ओट्याखाली उभ्या असलेल्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. फादर हसले नाहीत.

‘लुसीबाय, हे तुझं म्हणणं?’

लुसी म्हणाली, ‘फादर, ह्यांना माझं सोंग येतं. म्हणणं येत नाय.’

मला तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला रुमाल घरीच ठेवला. त्या वेळी मला समजलं, की तिला तालमींचा राग नव्हताच. तालमीहून आल्यावर मी तासभर तिथल्या गमती सांगायचो, आणि ‘तुझा दिवस कसा गेला’ हे लग्नाच्या सतरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी ते सांगितल्यावर लुसीनं मान हलवली. फादरांनी सोललेला वाल तिच्या पदरात घातला आणि ‘बिरडं करा’ म्हणाले. निकाल म्हणून एवढंच.

असं सगळं चाललेलं असताना बस्त्याव आणि जोकीम या दोघा भावांचं प्रकरण आलं.

दोघांच्या केळीच्या वाड्या लागून, विहीर सामाईक. विहिरीवर बापाच्या वेळचा रहाट. धाकट्या जोकीमला विजेची मोटर बसवायची होती. थोरला बस्त्याव म्हणे, मोटरीनं विहीर उपसली की खारं पाणी आत येईल आणि दोन्ही वाड्या बसतील. पुढे त्या विहिरीचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव तिथे अडकून राहायला नको. मोटर बसली, पण दिवसाला दोनच तास चालवायची असं ठरलं, आणि बस्त्याव मरेपर्यंत रोज सकाळी बैल जुंपून रहाट फिरवत राहिला. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

रविवारी मिस्सेनंतर फादरांनी दोघांना ओट्यावर बोलावलं. आवारात निम्मं गाव उभं. फादर बस्त्यावला म्हणाले, ‘जोकीमचं सांग.’

बस्त्याव जागचा हलला नाही. म्हणाला, ‘फादर, गिरीजला तुमचा सख्खा भाऊ आहे. पास्कू. इथून सायकलवर पाऊण तास. नऊ वर्षं तुम्ही त्याच्या घरी पाय ठेवला नाय. आधी तुम्ही त्याचं सांगा. मग मी जोकीमचं सांगतो.’

मी फादरांच्या हातांकडे पाहत होतो. शेंग अर्धी उघडून बोटं थांबली होती.

‘बस्त्याव बरोबर बोलला,’ फादर म्हणाले. त्यांनी टोपली उचलली. ‘मी गिरीजला जाऊन येईपर्यंत इथे बसणार नाही. मला तो हक्क नाही.’

आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ओटा रिकामा. गावात भांडणं साचू लागली. जोकीमची केळी पाण्यावाचून पिवळी पडू लागली, कारण भांडण सुरू झाल्यापासून भाऊ रहाटाला हात लावू देईना. कौन्सिलमधले दोघेतिघे तर उघडच म्हणू लागले, की पाद्र्यालाच भाऊ सांभाळता येत नाही, तर हा गाव काय सांभाळणार. बिशपांकडे अर्ज करायची भाषा सुरू झाली. अर्ज लिहायचा मलाच होता, अक्षर माझं चांगलं.

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर फादर फाटकाशी उभे.

‘मास्तर, सायकल आहे ना? गिरीजला सोबत येता?’

‘मी कशाला, फादर?’

‘मी एकटा गेलो, तर तो दार लावील. त्याची मुलगी तुमच्या वर्गात आहे. तुमच्या तोंडावर लावणार नाही.’

दोन सायकलींवरून निघालो. वाटभर मी गप्पा मारायचा प्रयत्न केला, पण फादर ओठ हलवत होते. आधी मला वाटलं, रोझरीचा जप करतायत. मग वाऱ्यासरशी एक तुकडा कानावर आला, ‘तो म्हणतो, मी पाद्री व्हायला सेमिनरीत गेलो आणि वाडी त्याच्या गळ्यात पडली...’ आमच्या गावातला प्रत्येक माणूस जे करायचा, तेच फादर करत होते. मी सायकल जरा मागे घेतली.

पास्कू वाडीच्या कडेला केळीचे घड उतरवत होता. चेहरा थेट फादरांचा, फक्त उन्हानं रापलेला. आम्हाला पाहून त्यानं कोयता खाली ठेवला, लुंगीला हात पुसले.

‘या मास्तर,’ तो म्हणाला. मग भावाकडे वळून, ‘या फादर. बसा तुम्ही.’

सख्खा भाऊ, दोन वर्षांनी धाकटा, आणि ‘तुम्ही’! दार लावलं असतं तर बरं, असं मला झालं.

त्याच्या बायकोनं ओट्यावर चटई टाकली, चहा ठेवायला आत गेली. मी उठू लागलो, तर पास्कू म्हणाला, ‘बसा मास्तर. गावासमोर झालं, तर मास्तरांसमोर होऊ दे.’ म्हणजे रविवारची बातमी आमच्या आधी पोचली होती.

आमची घरची बोली इतर महाराष्ट्राला समजायची नाही, म्हणून पुढचं जरा सरळ करून लिहितो.

फादरांनी घसा साफ केला. ‘पास्कू, मी तुझं सांगतो. बाबा गेले तेव्हा मी सेमिनरीत होतो. तुला शाळा सोडावी लागली.’

‘नाय,’ पास्कू म्हणाला. ‘मला शाळा आवडत नव्हती. विचारा कोणालाही.’

‘वाडी एकट्याच्या अंगावर पडली.’

‘वाडी मला आवडते.’

‘आई तीन वर्षं अंथरुणावर होती. तू आणि तिच्या सुनेनं केलंत सगळं. आणि तिच्या अंत्यविधीला मी अर्धा तास प्रवचन दिलं. आईनं देवाला एक मुलगा दिला, असं म्हणालो. तुझं नावही घेतलं नाही.’

माझ्या मनात आलं, सापडलं! हेच ते! नाटक असतं, तर मी इथे पडदा पाडला असता.

पास्कू मात्र चटईच्या काड्या ओढत होता. ‘त्याचा राग आला होता,’ तो म्हणाला. ‘वर्षभर होता. मग गेला. ते नाय फादर.’

चहा आला, पुढ्यात ठेवला गेला. फादरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

‘मला तुझं सांगता येत नाही, पास्कू. मला ठाऊकच नाही.’

तेव्हा पास्कूनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

‘तिनं तुला बोलावलं होतं, इनास,’ तो म्हणाला. ‘जायच्या पंधरा दिवस आधी. मी सायकलवरून निरोप घेऊन आलो होतो. तू आलास. पवित्र तेल लावलंस, प्रार्थना म्हटलीस. दुःखात देव कसा जवळ असतो ते तिला समजावलंस. चांगलं बोललास, आळीतली माणसं रडली. मग तुला कुठल्याशा सभेला जायचं होतं, तू गेलास.’

‘आठवतं.’

‘तिला तुला काहीतरी सांगायचं होतं.’

‘काय?’

‘मला काय ठाऊक? मला सांगण्यासारखं असतं, तर तिनं तुला कशाला बोलावलं असतं?’

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

‘तू गेल्यावर मी तिला विचारलं,’ पास्कू म्हणाला. ‘आय, सांगितलंस का त्याला? तर म्हणाली, इनासला आज घाई होती. पुढच्या खेपेला सांगीन.’

मी आयुष्यभर रंगमंचावर माणसं मारली, फसवली, विष पाजलं. त्या ओट्यावर मला कुठे बघावं ते कळेना. मी केळीकडे बघत बसलो.

फादर रडले नाहीत. माफीही मागितली नाही. त्यांनी विचारलं, ‘त्या तीन वर्षांत ती काय काय बोलायची?’

‘पुष्कळ बोलायची. तीन वर्षं म्हणजे काय थोडी झाली? तुझी संध्याकाळची मिस्सा असेल आता.’

फादर माझ्याकडे वळले. ‘मास्तर, तुम्ही निघा. आज मिस्सेऐवजी लोकांना रोझरी सांगा. फादर आले नाहीत म्हणावं.’

‘कारण विचारलं तर?’

चटईवर फादर भावाच्या बाजूला सरकले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. मी सायकल काढली. वाडीच्या फाटकापर्यंत पास्कूचा आवाज ऐकू येत होता, ‘पहिल्यांदा पडली तो शनिवार होता. मी पाटाला पाणी सोडलं होतं. ती म्हणाली, पास्कू, मला उचलू नको, इथेच जरा बस...’